ताटांतील भात व पायांखालची माती

आपण दररोज जेवावयास बसतों, ताटांत वाढलेला भात कालवितों आणि हात धुवून उठतों. परंतु हा भात कोठून आला, असें कोणी विचारिलें तर आपल्यापैकीं बहुतेकजण ‘वाण्याच्या दुकानांतून’ असेंच उत्तर देतील. हें उत्तर खोटें नाहीं, पण अपुरें आहे. दुकानाच्या मागें गिरणी, गिरणीच्या मागें खळें, खळ्याच्या मागें भातखाचर आणि खाचराच्या तळाशीं माती, अशी ही परंपरा आहे. त्या मातीची व तींत वाढणाऱ्या वनस्पतीची परस्परांशीं कशी देवघेव चालते, आणि त्या देवघेवीवर आपलें जेवण कसें अवलंबून असतें, हें या लेखांत सांगावयाचें योजिलें आहे.

कॅम्प नं. ३ मध्यें वाढणाऱ्या मुलांना हा विषय परका वाटला, तर त्यांत त्यांचा दोष नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं कल्याणजवळ लष्करासाठीं जी छावणी उभारली होती, तींत १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेलीं कुटुंबें राहूं लागलीं. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं तेव्हांचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें या वसाहतीला ‘उल्हासनगर’ हें नांव मिळालें. बराकींच्या जागीं चाळी, चाळींच्या जागीं इमारती, आणि मधल्या मोकळ्या जागेंत दुकानें व कारखाने, असें हें गांव वाढत गेलें. आतां येथें पायाला लागतो तो सिमेंट अगर डांबर. पण ज्या नदीच्या नांवावरून गांवाला नांव पडलें, ती उल्हास नदी अजून सह्याद्रींतून खालीं येते व दोन्ही तीरांवर भात पिकविते. श्रावणांत एखाद्या रविवारीं कर्जतच्या गाडींत बसावें. अंबरनाथ व बदलापूर मागें पडलीं कीं वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी या स्टेशनांच्या दोन्ही अंगांस बांधांनीं आंखलेलीं हिरवीं खाचरें दिसूं लागतात. आपला धडा त्या खाचरांतच आहे.

माती म्हणजे काय? बारीक झालेला दगड, एवढेंच बहुतेकांस ठाऊक असतें. आपल्या बाजूचा दगड म्हणजे सह्याद्रीचा काळा बेसाल्ट. कोट्यवधि वर्षांपूर्वीं भूगर्भांतून वाहत आलेल्या तप्त लाव्ह्याचे हे थर होत. अंबरनाथचें शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मध्यें, याच जातीच्या दगडांत बांधिलें गेलें. साडेनऊशेंहून अधिक पावसाळे त्यानें सोसले. कोरीव मूर्तींच्या कडा बोथट झाल्या, परंतु भिंतींची कांहीं माती झाली नाहीं. यावरून खडकापासून माती होण्यास किती काळ लागतो, याची थोडीशी कल्पना यावी. एक सेंटिमीटर जाडीचा सुपीक थर तयार होण्यास कित्येक शतकें, कधीं कधीं हजार वर्षेंही लागतात, असें शास्त्रज्ञ सांगतात. सारांश, शेताच्या वरची वीतभर माती ही कोणा एका पिढीची मिळकत नव्हे.

शिवाय, नुसता दगडाचा भुगा म्हणजे माती नव्हेच. चांगल्या मातीचें एक घमेलें घेतलें, तर त्यांतील जवळजवळ निम्मी जागा पोकळ असते. त्या पोकळींत कांहीं पाणी व कांहीं हवा खेळत असते. उरलेल्या निम्म्या भागांत बहुतेक खनिज कण आणि अगदीं थोडा, आपल्या उष्ण मुलखांत बहुधा शेंकडा एक-दोन भाग, कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा असतो. हा अंश थोडा असला तरी त्याचें काम मोठें आहे. कणांना कण चिकटवून मातीला भुसभुशीत ठेवणें, पाणी धरून ठेवणें, आणि पिकाला लागणारीं द्रव्यें हळूहळू सोडणें, हीं सर्व कामें तोच करतो. आणि या अंशावर जगणारे जीव तरी किती! चमचाभर सजीव मातींत कोट्यवधि सूक्ष्म जंतु असतात; त्यांत बुरशी, वाळवी व गांडुळें यांची भर घातली म्हणजे माती ही निर्जीव वस्तु नसून एक गजबजलेली वस्ती आहे, हें पटेल. गांडुळांचें हें कार्य चार्ल्स डार्विन याला इतकें महत्त्वाचें वाटलें कीं, १८८१ मध्यें त्यानें त्यावर एक स्वतंत्र ग्रंथच प्रसिद्ध केला.

आतां वनस्पतीकडे वळूं. झाड माती खाऊन वाढतें, असा पूर्वीं समज होता. सतराव्या शतकांत व्हान हेल्मोंट नांवाच्या एका फ्लेमिश विद्वानानें तो पारखून पाहिला. त्यानें एका कुंडींत २०० पौंड सुकविलेली माती भरली, तींत ५ पौंड वजनाचें विलो झाडाचें रोप लावलें, आणि पांच वर्षें त्याला केवळ पाणी घातलें. शेवटीं झाड १६९ पौंडांचें झालें, पण माती पुन्हां सुकवून तोलली तेव्हां ती अवघी दोन औंस कमी भरली! त्यावरून झाड पाण्याचें बनतें, असें त्यानें अनुमान केलें. तें अर्धेंच बरोबर होतें. कारण हवेचा वाटा त्याच्या ध्यानांत आला नाहीं. पान हें झाडाचें स्वयंपाकघर होय. तेथें हवेंतील कार्बन डायऑक्साइड, मुळांनीं आणलेलें पाणी व सूर्याचा प्रकाश यांच्यापासून साखर तयार होते. आणि त्याच साखरेपासून पुढें भाताच्या दाण्यांतील पिठूळ सत्त्व बनतें.

मग मातीचें महत्त्व कमी झालें काय? मुळींच नाहीं. तीं हरवलेलीं दोन औंसच येथें मुख्य आहेत. घरांत तांदूळ पुष्कळ असला तरी मिठावांचून जेवण जसें अळणी, तसें हवा-पाणी मुबलक असलें तरी नत्र, स्फुरद, पालाश, चुना, लोह, जस्त इत्यादि द्रव्यांवांचून झाडाचें चालत नाहीं. हीं द्रव्यें मुळांना मातींतूनच मिळतात, आणि त्यांतलें एक जरी कमी पडलें, तरी बाकीचीं असून नसल्यासारखीं होतात.

यांपैकीं नत्राची गोष्ट विशेष नवलाची आहे. आपल्या सभोंवतालच्या हवेंत शेंकडा ७८ भाग नत्रवायु आहे. पण झाडाला तो हवेंतून घेतां येत नाहीं. भरलेल्या कोठाराला कुलूप असावें आणि दारांत उपाशी बसावें, तशी ही स्थिति. त्या कुलुपाची किल्ली कांहीं सूक्ष्म जंतूंपाशीं आहे. आपल्या बाजूला भाताची कापणी झाल्यावर खाचरांत उरलेल्या ओलीवर वाल पेरण्याची चाल आहे. वालाचें एखादें रोप फुलावर येण्याच्या सुमारास मुळासकट हलकेंच उपटून पाहावें. मुळांवर मोहरीएवढ्या वा त्याहून मोठ्या गांठी दिसतील. एखादी गांठ नखानें फोडली व ती आंतून गुलाबी निघाली, तर आंतील जंतु कामांत आहेत असें समजावें. वाल त्यांना साखर पुरवितो आणि ते वालाला हवेंतील नत्र बांधून देतात. पीक निघाल्यावर मुळें व पाला शेतांत कुजला म्हणजे त्यांतला कांहीं नत्र पुढच्या भातालाही मिळतो. भातामागून वाल घेणाऱ्या शेतकऱ्याच्या पूर्वजांस जंतु ठाऊक नव्हते, पण वालाच्या मागून भात बरा येतो हें त्यांच्या अनुभवास आलें होतें. अशा रीतीनें मातीपासून घेणें व मातीला परत देणें हा व्यवहार वनस्पति अखंड करीत असते. तिचीं जिवंत मुळेंसुद्धां मातींत थोडी साखर पाझरतात व जंतूंना पोसतात. मेलेलीं मुळें कुजून हवा व पाणी यांच्या वाटा मोकळ्या करून जातात.

भातखाचराची तऱ्हा मात्र इतर शेतांहून निराळी. कर्जतकडे वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. एवढ्या पाण्यांत दुसरें धान्य कुजेल. भाताला मात्र पानांपासून मुळांपर्यंत हवा नेणाऱ्या पोकळ नळ्या असल्यामुळें तो पाण्यांत उभा राहूनही श्वास घेतो. शेतकरी चिखलणी करून तळ घट्ट करितो, बांध घालून पाणी अडवितो आणि मग रोपांची लावणी करितो. या पाण्याखालीं मातीचे दोन थर होतात. अगदीं वरच्या पातळ थरास हवा मिळते, खालच्यास मिळत नाहीं. वरून फेंकलेल्या युरियाचा बराच भाग याच रचनेमुळें वायां जातो: कांहीं अमोनिया होऊन उडून जातो, आणि कांहींचें वरच्या थरांत नायट्रेट होऊन तें खालीं उतरतें, तेथें त्याचा पुन्हां नत्रवायु बनतो व बुडबुड्यांच्या रूपानें हवेंत निघून जातो. शेतकऱ्यानें पैसे देऊन आणलेलें खत ज्या हवेंतून कारखान्यानें धरलें, त्याच हवेंत परत जातें!

यावर डॉ. नारायण सावंत यांनीं पुरस्कारिलेली ‘चारसूत्री’ भातशेती हा एक विचारपूर्वक काढलेला उपाय आहे. तींतील पहिलें सूत्र, भाताचा पेंढा व तुसाची राख शेताला परत देणें. कारण भात मातींतून सिलिका भरपूर उचलतो आणि तिच्या योगानें त्याचा ताठा व रोगांशीं झुंजण्याची शक्ति वाढते. दुसरें, बांधावर वाढविलेल्या गिरिपुष्पाचा पाला चिखलणीच्या वेळीं गाडणें. हें झाडही वालासारखेंच नत्र बांधणारें आहे. तिसरें, दोरीच्या साहाय्यानें ठराविक अंतरावर थोडीं थोडीं रोपें लावणें. आणि चौथें, युरिया व डीएपी यांची सुमारें पावणेतीन ग्रॅमची गोळी चार चुडांच्या मधोमध सात ते दहा सेंटिमीटर खोल खोंचणें. खालच्या थरांत नायट्रेट होण्यास हवाच नसल्यामुळें खत तेथेंच टिकतें व मुळें तें सावकाश उचलतात. मातीची रचना समजली म्हणजे थोड्या खतांतही काम कसें भागतें, याचें हें उत्तम उदाहरण होय.

मातीला परत देण्याच्या रीतींतही तारतम्य लागतें. ठाणें व रायगड या जिल्ह्यांतला ‘राब’ पाहा. पावसापूर्वीं रोपवाटिकेच्या जागेवर शेण, डहाळ्या, पालापाचोळा व गवत यांचे थर पसरून ते जाळतात आणि मग त्या राखेंत बी पेरतात. यानें तणाचें बी जळतें, पालाश मिळतो व रोपें जोमानें उगवतात, ही गोष्ट खरी. एकोणिसाव्या शतकांत सरकारनें जंगलांवर निर्बंध घातले तेव्हां राबासाठीं डहाळ्या तोडण्याच्या हक्कावरून या दोन जिल्ह्यांत (रायगडास तेव्हां कुलाबा म्हणत) एवढा असंतोष माजला कीं, १८८५ मध्यें मुंबई सरकारला एक जंगल-कमिशन नेमावें लागलें. शेतकऱ्याच्या दृष्टीनें तो पोटाचा प्रश्न होता. आज आपणांस एवढें अधिक ठाऊक आहे कीं, राबांत जळणाऱ्या शेणांतला व पाल्यांतला नत्र धुरांतून निघून जातो, आणि जो पाला कुजून मातीला भुसभुशीत करावयाचा, तो नाहींसा होतो. म्हणूनच गादीवाफ्यावर तुसाची राख व शेणखत घालून रोपें करण्याची शिफारस आतां करण्यांत येते.

याहून पुढचें पाऊल नेरळजवळच्या ‘सगुणा बागे’त श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनीं टाकिलें. उल्हास नदीच्या काठच्या या शेतांत भातासाठीं एकदां गादीवाफे करितात व पुढें ते मोडीत नाहींत. नांगरणी, चिखलणी व लावणी हीं तिन्ही कष्टाचीं कामें टाळून, लोखंडी सांच्यानें वीतभर अंतरावर भोंकें पाडून त्यांत बी टोकतात. कापणीनंतर भाताचीं मुळें जमिनींतच राहूं देतात. तीं कुजतात, त्यांच्या वाटांनीं हवा व पाणी आंत शिरतें, आणि गांडुळें परत येतात. माती सतत पाण्याखालीं न राहिल्यामुळें कुजणाऱ्या द्रव्यापासून निघणारा मिथेन वायुही कमी होतो. या रीतींत तणासाठीं तणनाशकाचा आधार घ्यावा लागतो, ही तिची मर्यादा सांगणें प्रामाणिकपणाचें होईल. तथापि, मुळें हींच मातीची मशागत करितात, हें तत्त्व तिनें डोळ्यांपुढें मांडिलें, यांत शंका नाहीं. याच खोऱ्यांत कर्जत येथें १९१९ पासून भाताचें संशोधन चालत आलें आहे. आतां तें केंद्र दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठाकडे आहे, आणि ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’ या नांवांचीं वाणें तेथेंच निपजलीं.

आतां थोडा हिशेब करूं. हेक्टरीं तीन टन भात व त्यांतून दोन टन तांदूळ, असें धरिलें तर एका गुंठ्याला सुमारें २० किलो तांदूळ पडतो. पांच माणसांच्या घरांत दररोज सव्वा किलो तांदूळ शिजत असेल, तर वर्षाला सुमारें ४५६ किलो लागतील. म्हणजे त्या घराच्या नुसत्या भातासाठीं कोठें तरी जवळजवळ २३ गुंठे जमीन राबत असते. डाळ, पोळी, भाजी व तेल यांची जमीन निराळीच. आपण चाळींत राहत असूं वा इमारतींत, प्रत्येकाचें असें एक अदृश्य शेत आहे. तें दुसऱ्याच्या नांवावर असलें, तरी त्याच्या मातीशीं आपला संबंध तुटत नाहीं.

त्या अदृश्य शेतावर संकटें आहेत. बदलापूर व कल्याण यांच्या आसपास भाताच्या जमिनींवर इमारती उठत आहेत. आणि वीटभट्टीसाठीं शेताची वरची माती विकली जाते, तेव्हां हजारों वर्षांची कमाई एका हंगामांत भाजून निघते. खालीं उरलेली माती दिसावयास तशीच, पण तींत ना कूज, ना जंतु; पीक लगेच उतरतें. पाण्याचेंही तसेंच. अंबरनाथकडून येऊन उल्हासनगरांतून कल्याणकडे जाणारी वालधुनी कारखान्यांच्या व गटारांच्या पाण्यानें काळवंडली आहे, हें सांगावयास साक्षीदार नकोत. अशा पाण्यांतून शिसें व कॅडमियम यांसारखे धातु मातींत उतरले, तर ते कुजत नाहींत वा उडून जात नाहींत. तेथेंच राहतात व पालेभाजींतून ताटांत येतात. ज्या जंतूंच्या व मुळांच्या कामाचें वर्णन वर केलें, त्यांनाही ते बाधतात.

आपल्यापैकीं अनेकांचे आजे-पणजे सिंधमधून आले. १९३२ मध्यें सक्करचा बंधारा पुरा झाला आणि सिंधच्या वाळवंटांत कालव्यांचें पाणी खेळूं लागलें. पण जेथें पाण्याचा निचरा नीट झाला नाहीं, तेथें भूगर्भांतले क्षार वर येऊन जमिनीवर पांढरी कल्लर पसरली. हीच गोष्ट आपल्या सांगली-कोल्हापुराकडे उसाच्या मळ्यांत घडली. तेथें तिला क्षारपड म्हणतात. जमीन उपाशी राहिली तर मरते, तशी अतिरेकानेंही मरते. हा धडा दोन्ही प्रांतांनीं आपापल्या भाषेंत शिकला आहे.

मग शहरांत राहणाऱ्या मुलानें काय करावें? प्रथम मातीची ओळख करून घ्यावी. एका रिकाम्या बाटलींत तिसरा हिस्सा माती घालून वर पाणी भरावें, झांकण लावून खूप हलवावें व एक दिवस स्वस्थ ठेवावी. तळाशीं वाळू, तिच्यावर गाळ, त्याच्यावर चिकण माती, आणि पाण्यावर तरंगणारा काळसर पालापाचोळा, असे थर स्पष्ट दिसतील. शाळेच्या आवारांतील माती, नदीकांठची माती व एखाद्या शेतांतली माती अशा तीन बाटल्या शेजारी ठेविल्या, तर पुस्तकांत वाचलेलें पुन्हां पाठ करावें लागणार नाहीं.

दुसरें काम अधिक उपयोगाचें आहे. इंदूर येथील वनस्पति-उद्योग संस्थेंत १९२४ ते १९३१ या काळांत सर आल्बर्ट हॉवर्ड यांनीं शेतांतला काडीकचरा, शेण व माती यांचे थर रचून, ओलावा व हवा सांभाळून, सुमारें तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची पद्धति बसविली. तिच्यावरचें १९३१ चें पुस्तक हॉवर्ड व यशवंत वाड या दोघांनीं मिळून लिहिलें. म्हणजे ‘इंदूर पद्धती’च्या जन्मांत एका मराठी नांवाचाही वाटा आहे. तिचें लहान रूप आपल्या गॅलरींतही साधतें. बुडाला भोंकें पाडलेल्या एखाद्या जुन्या बादलींत वाळलेल्या पानांचा एक थर, त्यावर भाजीच्या देंठांचा व सालींचा थर, त्यावर मूठभर माती, असें भरत जावें. ओलावा पिळलेल्या फडक्याइतका असावा, आणि आठवड्यांतून एकदां सर्व वरखालीं करावें. दुर्गंधी सुटली तर पाणी फार झालें व हवा कमी पडली असें समजून वाळलेलीं पानें वाढवावींत. दोन-तीन महिन्यांनीं हाताला लागेल ती काळी, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या वासाची वस्तु. ती तुळशीला घाला, मेथीला घाला, अगर शाळेच्या बागेंत आणून द्या. एका बादलीनें उल्हास खोऱ्याची माती सुधारणार नाहीं, हें उघड आहे. परंतु घेतलेलें परत करण्याची जी संवय मातीनें वनस्पतीला लाविली, ती आपल्याला लागेल, हाही कांहीं लहान लाभ नव्हे.

आईबाप ‘ताटांत अन्न टाकूं नको’ म्हणतात, तें आपण पुष्कळ वेळां कानाआड करितों. आतां शीत उचलतांना त्यामागचें सर्व आठवावें: हजारों वर्षें झिजलेला खडक, मुळांपाशीं झटणारे न दिसणारे जंतु, पानांतलें ऊन, आणि गुडघाभर चिखलांत वांकलेली लावणी करणारी बाई. एवढ्यांच्या श्रमांतून जें ताटांत येतें, तें टाकण्याचा अधिकार आपणांपैकीं कोणासच नाहीं.